खोडणे आणि पुसणे : वगळलेला मजकूर दाखवणाऱ्या टूलची माहितीपुस्तिका लिहिताना

महाप्याच्या आमच्या कार्यालयात तयार झालेले टूल एकच काम करते : वर्डच्या फाइलमधला सांगितलेला मजकूर काढून न टाकता तो 'ट्रॅक चेंजेस'च्या (केलेला प्रत्येक बदल खुणेसह दाखवणाऱ्या वर्डच्या सोयीच्या) रीतीने वगळलेला म्हणून दाखवते. ते वापरणाऱ्यांमध्ये प्रोग्रामर आहेत, तसेच ठाण्याच्या कोर्ट नाक्याजवळ भाडेकरारांचे मसुदे टंकून देणारेही आहेत. अशा टूलची माहितीपुस्तिका लिहायला बसाल तेव्हा कमांडच्या यादीआधी क्रियापद ठरवा.

आमच्या पहिल्या आवृत्तीत 'हे टूल निवडलेला मजकूर हटवते' असे वाक्य होते. ते वाचून एका वापरकर्त्याने करारातली अनामत रक्कम बदलली आणि मसुदा समोरच्या पक्षाला धाडला. तिथे जुनी रक्कम आडव्या रेघेखाली स्पष्ट वाचता येत होती. चूक त्याची नव्हती, आमच्या शब्दाची होती. मराठीत खोडणे आणि पुसणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत आणि तो भेद इथे तंतोतंत लागू पडतो. टूल मजकूर खोडते. तो पुसला जातो तो कोणी 'ॲक्सेप्ट' म्हटल्यावर, आणि 'रिजेक्ट' म्हटल्यास पूर्ववत होतो. हे पहिल्याच परिच्छेदात लिहावे. त्याला जोडूनच सांगावे की वर्डमध्ये 'सिंपल मार्कअप' हे दृश्य चालू असेल तर खोडलेला मजकूर दिसत नाही, समासात फक्त एक उभी रेघ दिसते. मजकूर मात्र फाइलमध्येच असतो.

त्यानंतर फाइलच्या आत काय घडते ते एका उदाहरणाने दाखवावे. वर्डची डॉक्स (.docx) फाइल म्हणजे झिप केलेला संच असून तिचा मुख्य मजकूर 'वर्ड' फोल्डरमधील 'डॉक्युमेंट' नावाच्या एक्सएमएल फाइलमध्ये, म्हणजे नावे दिलेल्या घटकांत मजकूर मांडणाऱ्या फाइलमध्ये, असतो. 'परवानाधारक दरमहा २५ हजार रुपये देईल' हे वाक्य एकाच 'रन'मध्ये (सारखे स्वरूप असलेल्या सलग मजकुराच्या तुकड्यात) असेल आणि त्यातले '२५ हजार' खोडायचे असेल, तर टूलला त्या रनचे तीन तुकडे करावे लागतात, मधला तुकडा 'डेल' या घटकात ठेवावा लागतो आणि त्यातला 'टी' हा घटक बदलून 'डेलटेक्स्ट' करावा लागतो. तुकड्यांच्या टोकाला मोकळी जागा उरते. ती राखण्याची सूचना एक्सएमएलमध्ये दिली नाही तर शब्द एकमेकांना चिकटतात. आधीची आणि नंतरची अशी दोन्ही रूपे समोरासमोर छापावीत, कारण हा बदल नुसत्या वर्णनातून कळत नाही.

देवनागरीसाठी स्वतंत्र प्रकरण लिहावे, असे माझे ठाम मत आहे. 'मुंब्रा' हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो, पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेत पद्धतीत, त्याचे सात संकेत आहेत : म, उकार, अनुस्वार, ब, हलन्त, र आणि काना. वापरकर्ता 'अमुक स्थानापासून अमुक स्थानापर्यंत' असे आकडे देत असेल, तर मोजणी संकेतांची की दिसणाऱ्या अक्षरांची, हे निःसंदिग्ध सांगावे. तुकडा चुकीच्या जागी पडला तर मात्रा एका रनमध्ये आणि तिचे व्यंजन दुसऱ्या रनमध्ये जाते. इंग्रजी नमुन्यांवर केलेल्या चाचण्यांत हा दोष सापडत नाही.

प्रत्येक खोडण्यासोबत कर्त्याचे नाव आणि वेळ नोंदवली जाते. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम २० नुसार, दस्तातील खाडाखोडीवर दस्त करून देणाऱ्यांची सही किंवा आद्याक्षरे नसतील तर नोंदणी अधिकारी तो स्वीकारण्यास नकार देऊ शकतो. कर्त्याच्या नावाला कायदेशीर सहीचे मोल नाही, पण 'हे कोणी खोडले?' या प्रश्नाचे उत्तर तेच देते. म्हणून तिथे टूलचे नाव जाते की माणसाचे, आणि ते कसे बदलायचे, हे लिहावे. वेळेबाबतही जपावे. वर्ड बहुधा संगणकाची स्थानिक वेळच लिहून तिच्यापुढे जागतिक वेळेचे 'झेड' हे अक्षर लावते. टूलने खरी जागतिक वेळ लिहिली, तर सकाळी ११ वाजता केलेला बदल पहाटे साडेपाचचा दिसू शकतो.

परिच्छेदाच्या शेवटची खूणही खोडता येते आणि ते खोडणे स्वीकारले की दोन परिच्छेद एक होतात, एवढे एका वाक्यात सांगितले तरी पुरे. टूल लिबरऑफिसच्या ओडीटी फाइलही हाताळत असेल तर तिथली मांडणी निराळी असल्याचे नोंदवावे : खोडलेला मजकूर दस्तऐवजाच्या आरंभी वेगळा साठवला जातो आणि मूळ जागी केवळ खूण राहते.

पुस्तिकेतले प्रत्येक उदाहरण प्रसिद्धीपूर्वी स्वतः चालवून पाहावे. टूलने दिलेली फाइल उघडून सर्व बदल रिजेक्ट करावेत आणि उरलेला मजकूर मूळ फाइलशी ताडून पाहावा. एका स्पेसचाही फरक पडता कामा नये. यासाठी ज्यात आधीचे कोणतेही ट्रॅक केलेले बदल नाहीत असाच नमुना घ्यावा, अन्यथा इतरांचे बदलही त्याच वेळी नाकारले जातात आणि फरक कोणामुळे पडला हे ठरवता येत नाही.