दार लावून चालतं

माझा पोरगा 17 वर्षांचा. समज लहान मुलाची, शरीर मात्र 17चंच. गेल्या वर्षी खानापूर-बेळगाव बसमध्ये त्याचा हात चड्डीत गेला. कंडक्टर कन्नडमध्ये ओरडला, मी चारचौघांत त्याच्या थोबाडीत मारली. बेळगाव स्टँड येईपर्यंत पोरगं हुंदके देत होतं. हे कुठे करायचं, कुठे नाही, ते त्याला मी कधी सांगितलंच नव्हतं.

तेव्हा पहिलं म्हणजे 'शी, घाण' म्हणणं सोडा. मोबाईलवर फोटो काढा: आपली खोली, न्हाणीघर, बस, शाळा, पडवी. दोन कागदांवर चिकटवा. एकावर 'दार लावून चालतं', दुसऱ्यावर 'इथे नाही'. रोज विचारा, कंटाळा आला तरी विचारा. आम्हाला तीन महिने लागले. आता नुसतं "दार?" म्हटलं की पुरतं.

अवयवांची खरी नावं शिकवा. लिंग, वृषण. घरात 'नुनू' चालायचं. पण उद्या कुणी हात लावला तर डॉक्टरला, पोलिसाला काय सांगणार? सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

'नको' मराठी-कन्नड दोन्ही भाषांत हवं. घरी 'नको', बसमध्ये, दुकानात कन्नडमधलं 'बेड', हाताचा पंजा पुढे करून. मी मुद्दाम गाल ओढायला जाते; तो 'बेड' म्हणाला की तिथेच थांबते. पाहुण्यांना राग येतो, येऊ दे. घरात त्याचा नकार चालला नाही, तर बाहेर तो तोंडातून निघायचाच नाही.

आता वर्गातली एक मुलगी त्याला आवडते. "लग्न करू?" विचारतो. मी हसत नाही. अंगणात रांगोळीची वर्तुळं काढली: मध्ये तो, मग आम्ही, मग शेजारी, मग अनोळखी. मिठी आमच्यापर्यंतच, पुढे नमस्कार. ती मैत्रीण, तर हात धरण्याआधी विचारायचं. ती नको म्हणाली की हात खिशात. 18च्या आत मुलांची संमती 2012चा पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, मानत नाही, हेही सोप्या शब्दांत सांगितलं. "त्याला कशाला हे?" म्हणणाऱ्यांना मी 2016च्या दिव्यांग कायद्याचं नाव सांगते. प्रजनन आणि कुटुंब नियोजनाची माहिती मिळणं हा त्यात हक्कच आहे.

कुणी हात लावल्याचं त्याने कधी सांगितलंच, तर "खरंच?" म्हणून उलटतपासणी नको. त्याचेच शब्द लिहून ठेवा, कपडे धुऊ नका, 1098 या मुलांच्या हेल्पलाईनला फोन करा.

परवा दुपारी आतून आवाज आला, "आई, दार लावलं." मी बरं म्हटलं आणि कुकर चढवला.