कार्यातलं उरलेलं जेवण रोटी बँकेला द्यायचंय? मग फोन आदल्या दिवशी करा

लग्नसराई आली की ग्रुपवर रात्री अकराला कोणीतरी मेसेज टाकतंच, पन्नासेक माणसांचं जेवण उरलंय, कोणी नेईल का. अहो त्या वेळी कोण येणार! आणि प्लीज तो ‘1098 ला फोन करा, उरलेलं जेवण घेऊन जातील’ वाला फॉरवर्ड पाठवू नका, ती लहान मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, तिथून जेवण न्यायला कोणी येत नाही.

फूड बँक, म्हणजे जास्तीचं अन्न गोळा करून गरजूंना देणारी संस्था, म्हटलं की लोकांना गोडाऊन आठवतं. अमेरिकेत 1967 ला फिनिक्समध्ये पहिली सुरू झाली, तिकडे डबाबंद, कोरडं सामान महिनोन्‌महिने ठेवता येतं. आपल्याकडे मुंबईत डबेवाल्यांनी 2015 ला रोटी बँक काढली, नंतर माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांनीही काढली, पण इथे मामला शिजलेल्या जेवणाचा, ते साठवायची सोयच नाही, हॉलवरून उचललं की तसंच फुटपाथवर, वस्तीत नाहीतर हॉस्पिटलबाहेर पेशंटच्या नातेवाइकांना वाटायचं. म्हणजे सगळा खेळ गाडीचा आणि घड्याळाचा.

म्हणून आदल्या दिवशीच तुमच्या भागातल्या रोटी बँकेच्या माणसांना फोन करून ठेवा, हॉलचा पत्ता, शेवटची पंगत किती वाजता उठणार आणि मेनू काय ते सांगा. कार्याच्या दिवशी घरातला एकच माणूस या कामाला लावा, तो नवरीचा भाऊ नको, त्याला त्या दिवशी शंभर कामं असतात.

आचाऱ्याला आधीच सांगा की सगळं एकदम बाहेर काढू नको. भटारखान्यात झाकून राहिलेल्या टोपातलंच द्यायचं, पानात वाढलेलं किंवा बुफेला सगळ्यांचे चमचे फिरलेलं अजिबात नाही. भात, पनीर, दह्याचं काहीही पटकन खराब होतं, उन्हाळ्यात बाहेर दोन तासांच्या वर राहिलं असेल तर देऊच नका, मठ्ठा तर विसराच. पुऱ्या, जिलबी, सुकी भाजी त्यातल्या त्यात टिकते. गरम गरम डब्यात भरून झाकण लावलं की आतल्या आत घाम धरतो आणि भाजी आंबते, हे आम्ही स्वतः करून बसलोय, अख्खा टोप फेकावा लागला होता.

एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षा बघणारी सरकारी संस्था, तिचे 2019 चे उरलेल्या अन्नाबद्दलचे नियम आहेत, त्यामुळे डब्यावर चिठ्ठी चिकटवा, पदार्थ काय, कधी केला, कुठून आला, कधीपर्यंत खायचा, व्हेज की नॉनव्हेज. व्हेज-नॉनव्हेज वेगळंच भरा. आणि भरायच्या आधी स्वतः एक घास खाऊन बघा, तुम्हाला नको वाटलं तर दुसऱ्याला कशाला.

हो, आणि भांडी! केटररचा टोप गाडीत चढवायच्या आधी तो परत कोण आणणार ते ठरवा, आमच्या मावसभावाच्या लग्नातला एक झारा अजून आमच्याच माळ्यावर पडलाय.