चुनखडीच्या रानात तोड करण्याआधी

चुनखडीच्या रानात तोडीचं काम निघालं की मी तोडायच्या झाडांवर खुणा करायच्या रंगाचा डबा लगेच उघडत नाही. आधी पाणी शोधतो. ओहोळ कुठे गडप होतो, पावसाचं पाणी कुठल्या खळग्यात शिरतं, खाली कोणता झरा फुटतो, हे कळेपर्यंत हातातला नकाशा अर्धाच.

पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं. ते चुनखडीतल्या भेगा विरघळवत रुंद करतं, त्यातूनच विवरं, गुहा आणि भुयारी ओढे घडतात. वाळूत मुरणारं पाणी गाळलं जातं. इथे मात्र ते नळातून धावावं तसं धावतं, त्यामुळे वर सांडलेलं डिझेल थेट खालच्या झऱ्यात उतरू शकतं.

सुरुवातीच्या वर्षांत आम्ही एका खळग्यात फांद्या आणि पाला ढकलला होता. जागा सोयीची वाटली. पुढच्या मोठ्या पावसात खालचा झरा तपकिरी वाहू लागला आणि त्याच पाण्यावर जगणारी माणसं रिकामी भांडी घेऊन परतली. पाला आम्ही हातांनी उपसला, पण आत गेलेली माती परत काढता आली नाही. तेव्हापासून माझ्या कामावर कोणत्याही विवरात काडीसुद्धा टाकायची नाही, असा नियम आहे.

पाहणीसाठी थंडीतली पहाट निवडा. गुहेतली हवा वर्षभर साधारण एकाच तापमानाची असते, म्हणून अशा वेळी झुडपांत लपलेल्या तोंडांतून वाफ येताना दिसते. सापडलेलं प्रत्येक तोंड नकाशावर टिपा. पाण्याचा माग निघत नसेल तर जाणकारांकडून फ्लोरेसीन रंगाची चाचणी करून घ्या: गडप होणाऱ्या ओहोळात थोडा रंग सोडायचा आणि आसपासच्या सगळ्या झऱ्यांत सक्रिय कोळशाच्या पिशव्या बांधून ठेवायच्या. डोळ्यांना न दिसणारा रंगही कोळसा धरून ठेवतो. झऱ्याचं पाणी वापरणाऱ्यांना मात्र आधी सांगा. कधीकधी रंग डोंगराच्या पलीकडच्या झऱ्यात निघतो.

विवराभोवती झाडांचा पट्टा राखताना कंजुषी करू नका. झाडांचं एकच कडं ठेवलं तर ते वाऱ्यात कोसळतं आणि मुळांसकट खडकावरची वीतभर माती उखडून नेतं. मी सर्वांत उंच झाडाच्या उंचीपेक्षा जास्त रुंदी धरतो आणि कडेची झाडं दाट न ठेवता हळूहळू विरळ करत नेतो. झाड विवराच्या विरुद्ध दिशेला पाडायचं, ओंडका फरफटत न आणता उचलून आणायचा. पातळ मातीवर पालाही जाळायचा नाही; ती जळून गेली की उघड्या खडकावर पुन्हा रान उभं राहायला माणसाचं आयुष्य पुरत नाही.

रस्त्याच्या चरींचं पाणी विवरात सोडू नका. इंधन भरायची जागाही त्यापासून दूर ठेवा.

वटवाघळं शीतनिद्रेत असतील त्या महिन्यांत गुहेजवळ यंत्रं चालवू नका. प्रत्येक वेळी जाग आली की त्यांची साठवलेली चरबी खर्च होते. आत जावंच लागलं तर बूट आणि कपडे निर्जंतुक करा: उत्तर अमेरिकेत २००६ पासून दिसलेल्या व्हाइट नोज सिंड्रोम या वटवाघळांच्या रोगाच्या बुरशीने लाखो वटवाघळं मेली आहेत आणि ही बुरशी माणसांच्या बुटांवरूनही दुसऱ्या गुहेत जाऊ शकते.

काम संपल्यावर पहिल्या मोठ्या पावसात झऱ्यावर जाऊन उभे राहा. पाणी गढूळ आलं, तर शोध रस्त्याच्या चरीपासून सुरू करा.