हिमोग्लोबिन मोजण्याची पद्धत बसवताना या चुका टाळा

ड्रॅबकिन द्रावणाची (सायनाइड असलेल्या अभिकर्मकाची) सायनमेथहिमोग्लोबिन पद्धत ही हिमोग्लोबिन मोजण्याची संदर्भपद्धत मानली जाते; तीत रक्तातले हिमोग्लोबिन या द्रावणाने रंगीत सायनमेथहिमोग्लोबिनमध्ये बदलते आणि तो रंग किती प्रकाश शोषतो ते मोजतात. तरीही कोकणात ती नव्याने बसवताना रसायनाआधी हवेकडे पाहावे लागते. रत्नागिरीत ऐन जुलैमध्ये आम्ही पडताळणी करत होतो, तेव्हा एकाच नमुन्याचे आकडे कधी बरोबर येत, तर कधी वर चढत. द्रावण फ्रीजमधून काढून लगेच वापरले जात होते आणि गार क्युव्हेटवर (प्रकाश मोजण्यासाठी द्रावण भरायच्या पारदर्शक नळीवर) बाहेरून दमट हवेचे दव धरत होते; ते इतके बारीक होते की क्युव्हेट उजेडासमोर तिरपी धरल्यावरच दिसले. वीस मायक्रोलिटर रक्त पाच मिलिलिटर द्रावणात घातल्यावर ५४० नॅनोमीटर तरंगलांबीला अ‍ॅब्सॉर्बन्स (प्रकाश शोषला जाण्याचे माप) ०.४०० आला, तर हिमोग्लोबिन १४.७ ग्रॅम प्रति डेसिलिटर भरते. म्हणजे दवामुळे अ‍ॅब्सॉर्बन्स केवळ ०.०२० ने वाढला, तरी निकाल ०.७ ग्रॅमने चढतो आणि १०.५ ग्रॅमची गरोदर बाई ११ च्या सीमेपलीकडे जाऊन रक्तक्षयाच्या उपचारातून सुटते. द्रावण खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे आणि प्रत्येक वाचनाआधी क्युव्हेट मऊ कागदाने पुसावी.

दुसरी चूक नमुना घेतानाच होते. ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) नळी स्टँडमध्ये उभी राहिली की तांबड्या पेशी खाली बसतात, म्हणून पिपेट बुडवण्याआधी ती आठ-दहा वेळा हळुवार उलटसुलट करावी. पिपेटच्या टोकाला बाहेरून लागलेले रक्तही पुसावे. वीस मायक्रोलिटरच्या मापात तेवढा थेंबही जड जातो. रक्तात चरबी किंवा पांढऱ्या पेशी फार असतील, तर मिश्रण गढूळ होऊन आकडा खोटा वाढतो.

पडताळणीत मला सर्वांत खटकते ते नव्या आणि जुन्या अशा दोन पद्धतींमधला सहसंबंध (दोन्हींचे आकडे किती नेमाने सोबत वाढतात याचे माप, कमाल १) ०.९९ आला म्हणून समाधान मानणे. एक पद्धत सतत एक ग्रॅम जास्त दाखवत असली तरी हा आकडा तितकाच सुंदर येतो; त्यामुळे निदान चाळीस नमुन्यांतील प्रत्येक जोडीचा फरक काढून तो आलेखावर मांडावा. हे नमुने केवळ निरोगी माणसांचे नसावेत, त्यांत सात-आठ ग्रॅमचेही हवेत. पुनरावृत्तीची चाचणी वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या हातांनी आणि पावसाळ्यातही घ्यावी.

द्रावणात सायनाइड असते, त्यामुळे वापरलेले मिश्रण आम्लाच्या भांड्यात कदापि ओतू नये. त्यातून विषारी हायड्रोजन सायनाइड वायू निघतो.