तोंड आलंय? जेल आणि गम पेंट लावताना या चुका टाळा

एसटी स्टँडसमोर आमचं मेडिकल आहे आणि बावीस वर्षं मी त्या काउंटरमागे उभा आहे. लग्नसराई सुरू झाली की रोज चार-पाच जण गालावर हात धरून येतात. "तोंड आलंय, लावायला काहीतरी द्या." मी विचारतो, "कुठं? गालाला, जिभेला, की हिरडीला?" निम्म्या लोकांना हा प्रश्नच आवडत नाही. मागे गाडी चालू ठेवलेली असते, आणि मी आपला चौकश्या करत बसलोय. एकानं तर सुनावलं होतं, "औषध मागितलंय, मुलाखत नको."

पण सगळा घोळ तिथंच होतो.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

तोंडात लावायची औषधं ढोबळमानानं दोन जातींची. एक बधिर करणारी: लिग्नोकेन 2 टक्के किंवा बेन्झोकेन 20 टक्के असलेलं जेल, आणि बरेचदा लिग्नोकेनच्या जोडीला वेदनाशामक कोलीन सॅलिसिलेट. ही गालातल्या, ओठातल्या, जिभेवरच्या फोडांसाठी. दुसरी आकसवणारी, म्हणजे गम पेंट किंवा गम अॅस्ट्रिंजंट. यात टॅनिक अॅसिड असतं, झिंक क्लोराइड असतं. ही सुजलेल्या, ढिल्या, रक्त येणाऱ्या हिरडीसाठी.

कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ कशी जड आणि कोरडी पडते, आठवा. तेच टॅनिन. ते वरच्या थरातली प्रथिनं घट्ट धरतं, त्यामुळे सूज थोडी उतरते आणि रक्त झिरपायचं थांबतं. कातडं कमवायला बाभळीची साल लागते तीसुद्धा याच गुणासाठी. आता विचार करा, वरची कातडी निघून लालबुंद झालेल्या फोडावर हे ओतलं तर काय होईल?

आमच्या गल्लीतल्या एका पोरानं ते करून बघितलं. बारावीतला मुलगा, दातांना तारा लावलेल्या, त्या घासून ओठाच्या आत दोन फोड आलेले. रात्री अकरा वाजता आईच्या कपाटातून गम पेंटची बाटली काढली आणि कापूस भिजवून ओठात दाबून धरला. लवकर बरं वाटावं म्हणून थेंबाच्या जागी झाकणभर! मी शटर ओढत होतो तेव्हा आला. डोळ्यांत पाणी, हनुवटीवरून तपकिरी ओघळ, बनियनवर डाग, आणि बोलता येत नाही म्हणून नुसतं बोट दाखवतोय. थंड पाण्यानं चुळा भरायला लावल्या. त्याला खरं तर दोन्ही औषधं नको होती. तारेवर दाबून बसवायचं मेण मिळतं, दातांच्या डॉक्टरकडे आणि बऱ्याच मेडिकलमध्येही. तारेचं टोक झाकलं की फोड आपोआप बरा होतो.

उलटी चूकही तितकीच चालते. हिरडीतून रक्त येतंय आणि माणूस बधिर करणारं जेल चोळतोय. हिरडी सुजते ती बहुतेक वेळा दाताच्या कडेला साचलेल्या किटणामुळे. जेलनं ते जात नाही आणि खरं सांगायचं तर गम पेंटनंही जात नाही. गम पेंटनं रक्त थांबतं, माणूस खूश होतो आणि खाली किटण तसंच. वर रक्त येतं म्हणून तिथं ब्रशच फिरवायचं बंद करतात, त्यामुळे किटण आणखी वाढतं. दात साफ करून घ्या म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं: "नको, साफ केले की दात हलतात." अहो, ते आधीच हललेले असतात, फक्त किटणानं लिंपून ठेवलेले असतात.

गुरुजींची कवळी

ही चूक माझीही आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

निवृत्त गुरुजी. शाळेत मला गणिताला होते. नवी कवळी बसवून घेतलेली, खालची. पहिल्या महिन्यात एक ट्यूब नेली. मग दहा दिवसांनी दुसरी, मग आठवड्याला एक. मी देत गेलो. गुरुजींना काय विचारायचं? सातव्या ट्यूबच्या वेळी दुकानात कोणी नव्हतं, म्हणून सहज म्हटलं, "गुरुजी, एवढं जेल लागतं कुठं?"

त्यांनी खिशातून रुमाल काढला, पाठ वळवून कवळी काढली आणि रुमालात धरून दाखवली. आतल्या बाजूला सगळीकडे जेल फासलेलं. पोळीला तूप लावावं तसं. "सकाळी असं लावतो आणि बसवतो. दुपारपर्यंत काही कळत नाही. जेवण झालं की पुन्हा." मग खालचा ओठ ओढून त्यांनी हिरडी दाखवली. कवळीच्या कडेच्या बरोबर रेषेत एक खाच पडली होती, नखानं ओरखडल्यासारखी लांब, कडा पांढऱ्या, तळ लाल. कड रोज तिथंच रुतत होती आणि जेलमुळे त्यांना ते जाणवत नव्हतं. दुखलं असतं तर पहिल्या आठवड्यातच कवळी काढून ठेवली असती.

दातांच्या डॉक्टरांनी ती कड घासून गुळगुळीत केली. पाच मिनिटांचं काम. तीन-चार दिवस कवळी जेवणापुरतीच घाला म्हणाले, आणि जखम भरेपर्यंत पुन्हा तपासायला बोलावलं. पंधरा दिवसांत खाच भरली. नंतर गुरुजी दुकानात आले ते हिशेब करतच: "सहा ट्यूब विकल्यास रे. सातवीला विचारलंस. पहिलीला का नाही?"

तेव्हापासून ट्यूब मागणाऱ्याला मी आधी विचारतो: काही टोचतंय का? तुटलेला दात, कवळी, तार, निघालेलं सिमेंट? टोचणारी वस्तू असेल तर जेल देताना दातांच्या डॉक्टरांचा पत्ताही देतो. बधिर करून एकवेळचं जेवण जाईल, पण खिळा पायात तसाच ठेवून चालण्यातला हा प्रकार.

लावण्याची घाई

ओल्या तोंडात जेल टिकत नाही. लाळेबरोबर जिभेवर पसरतं, घशात जातं आणि फोडावर काही उरत नाही. "तुमचं औषध चालत नाही" ही तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हेच केलेलं असतं. मी स्वतः कापसाच्या बोळ्यानं जागा टिपतो, ओठ बाहेर धरतो, मुगाच्या दाण्याएवढं जेल बोटावर घेऊन नुसतं टेकवतो. चोळत नाही. मग दोन मिनिटं तोंड उघडं. ही दोन मिनिटं कोणालाच नको असतात. ट्यूब तोंडात पिळायची आणि लगेच फोनवर बोलायला सुरुवात!

तोंड बधिर असताना गरम चहा पिऊ नका, भाजल्याचं कळणार नाही. अर्धा-पाऊण तास खाऊही नका. गाल चावला जातो, आणि जेल घशापर्यंत गेलं असेल तर ठसका लागून घास श्वासनलिकेत जाऊ शकतो.

डॉक्टरांनी ट्रायमसिनोलोनची पेस्ट लिहून दिली असेल तर ती रात्री, पाणी पिऊन झाल्यावर, झोपायच्या आधी. दाबून बसवायची. चोळली की तिची रवाळ भुकटी होते. ती स्टेरॉइड आहे. बुरशीनं आलेल्या पांढऱ्या थरावर किंवा नागीणीच्या जातीच्या फोडांवर शेजाऱ्याची उरलेली ट्यूब लावू नका.

बाळांच्या हिरड्या

इथं मी भांडतो. दात येताना बाळ किरकिरतं म्हणून बधिर करणारं जेल मागायला येतात, आणि मी देत नाही. बेन्झोकेनमुळे क्वचित रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं. ओठ आणि नखं निळसर-राखाडी पडतात, रक्त चॉकलेटसारखं दिसतं. अमेरिकेच्या औषध नियामकानं 2018 मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांसाठी ही उत्पादनं वापरू नका असं स्पष्ट बजावलं. बाळांना लिग्नोकेनचं द्रावण लावण्याबद्दलचा इशारा त्याआधी, 2014 मध्ये आला होता. सॅलिसिलेटची जेल ब्रिटनमध्ये 2009 पासून सोळा वर्षांखालच्यांना चालत नाही, कारण अॅस्पिरिनसारखीच रायज सिंड्रोमची, म्हणजे मुलांच्या यकृत आणि मेंदूवर घाला घालणाऱ्या दुर्मीळ आजाराची, धास्ती. आपल्याकडे मात्र "आमच्या मोठ्याला लावलं होतं, काय झालं?" एवढ्यावर निकाल लागतो.

आणि टाकणखाराची लाही मधात कालवून बाळाच्या तोंडात फिरवणाऱ्या आज्यांनो, रागवा माझ्यावर, पण थांबा. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, तो बाळाला विषारी आहे. मधही वर्षाच्या आत द्यायचा नसतो. फ्रिजमध्ये गार केलेलं, गोठवलेलं नव्हे, स्वच्छ ओलं फडकं चावायला द्या. मोठ्यांनी जाईचा पाला चावायला माझी काही हरकत नाही. मीही चावलाय.

एकेका ओळीच्या चुका

अॅस्पिरिनची गोळी दुखऱ्या दाढेशी धरून ठेवणं: गोळी पोटात जाऊन काम करते, हिरडीला फक्त भाजते.

लवंग तेल तसंच ओतणं: थेंबभर, खोबरेल तेलात, कापसावर, फक्त दाताला.

ब्रश केल्या केल्या क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या चुळा: पेस्टमधला फेस औषध निकामी करतो, अर्धा तास जाऊ द्या. महिनोन्‌महिने वापरून दात तपकिरी झाले की मग माझ्याकडे भांडायला येऊ नका.

दर वेळी बी कॉम्प्लेक्स: महिन्या-दोन महिन्यांनी तोंड येतच असेल तर रक्त तपासा. लोह, फॉलिक अॅसिड, बी12 यांपैकी नेमकं काय कमी आहे ते कळू द्या.

दम्याचा पंप घेऊन चूळ न भरणं.

यात एक गोष्ट मात्र एका ओळीत उरकण्यासारखी नाही. संधिवाताच्या बाई होत्या, तोंडभर फोड, जेल मागत होत्या. पिशवीतली चिठ्ठी बघितली तर मेथोट्रेक्सेट, संधिवाताचीच गोळी. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी त्या रोज घेत होत्या, बाकीच्या गोळ्या रोजच्या आहेत म्हणून. तोंड येणं ही त्या गोळीचा डोस जास्त झाल्याची खूण असते, आणि पुढचा घाला रक्तपेशींवर पडतो. त्याच दुपारी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. जेल विकून मोकळा झालो असतो तर?

पंधरा दिवसांचा हिशेब

साधा फोड सात ते चौदा दिवसांत जेलशिवायही बरा होतो. जेलनं बरा झाला असं आपण म्हणतो, ते जाऊ दे. पण पंधरा दिवसांनी जागा तीच आणि फोड तोच असेल, तर ट्यूब बाजूला ठेवा आणि तोंड दाखवा. तंबाखू, मशेरी, सुपारी असेल तर पंधरा दिवसही थांबू नका. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, ती कागदावर. माझ्या काउंटरवर पैसे ठेवणारी लाल बोटं रोज दिसतात. त्यांना मी आपलीच तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगतो. जात नसतील, किंवा साधी भाजीही झोंबत असेल, तर ते "तोंड येणं" नव्हे. ती कॅन्सरच्या आधीची खूण असू शकते. आणि न दुखणारा फोड जास्त वाईट. बधिर करायचं काही नसतं, म्हणून लोक औषधालाही येत नाहीत.

मी आता ट्यूबच्या खोक्यावर बॉलपेननं तारीख घालून देतो. पंधरा दिवसांनंतर तेच खोकं घेऊन दुसरी मागायला कोणी आलं तर देत नाही, आधी तोंड दाखवून या म्हणतो. काही जण जातात. काही जण रस्ता ओलांडून समोरच्या मेडिकलमध्ये जातात. काचेतून दिसतं मला.