ब्रिटनमध्ये डॉक्टरकी: नोकरी लागली, पण पायरी कुठली? या चुका टाळा

भारतात शिकलेल्या डॉक्टरचे प्लॅब या ब्रिटनच्या परवाना परीक्षेचे दोन्ही भाग सुटले, जीएमसीचा (तिथल्या वैद्यक परिषदेचा) नोंदणी नंबर आला, की घरी पेढे वाटले जातात. वाटावेतच. पण एनएचएस या तिथल्या सरकारी आरोग्यसेवेमधली नोकरी आणि एनएचएसमधलं ट्रेनिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अनेकांच्या ध्यानात यायला दोन-तीन वर्षं जातात.

ट्रस्ट (एनएचएसची रुग्णालयं चालवणारी संस्था) डॉक्टर, क्लिनिकल फेलो, नाव काहीही असो, या नॉन-ट्रेनिंग जागा. वॉर्डात तुमचं आणि शेजारच्या आयएमटी (मेडिसिनचं सुरुवातीचं ट्रेनिंग) ट्रेनीचं काम जवळपास सारखंच: तोच ब्लीप (पेजर), त्याच नाइट्स. मात्र एज्युकेशनल सुपरवायझर, ई-पोर्टफोलिओ (कामाच्या पुराव्यांची ऑनलाइन वही) आणि एआरसीपी (प्रगतीचा वार्षिक आढावा) त्याच्या जागेसोबतच येतात, तुम्हाला सुपरवायझर आणि पोर्टफोलिओ मागून घ्यावा लागतो. नोकरीच्या करारावर सही करण्याआधीच ते मागा. रुजू झाल्यावर ‘बघू’ हे उत्तर ठरलेलं असतं.

क्रेस्टचा फॉर्म शेवटच्या आठवड्यात

सगळ्यात जास्त अर्ज इथे अडकताना दिसतात. फाउंडेशन प्रोग्रॅम (पदवीनंतरचं ब्रिटनमधलं पायाभूत ट्रेनिंग) न करता आलेल्या डॉक्टरला आयएमटीसारख्या ट्रेनिंगसाठी साधारणपणे क्रेस्ट, म्हणजे तुम्ही ट्रेनिंगला तयार आहात असं प्रमाणपत्र, लागतं. ज्या कन्सल्टंटनी (सर्वात वरच्या पायरीवरचे तज्ज्ञ) सलग किमान तीन महिने तुमचं काम पाहिलंय त्यांचीच सही चालते, आणि तो काळ ट्रेनिंग सुरू होण्याआधीच्या साडेतीन वर्षांतला हवा. प्रत्येक कौशल्यासमोर स्वतंत्र नोंद असते. ‘एंड ऑफ लाइफ’चा (शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णाच्या काळजीचा) रकाना आला की कन्सल्टंट विचारतात, ‘हे मी तुला करताना कधी पाहिलं?’ ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या ट्रेनिंगचे अर्ज आदल्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीपासून ओरिएल या अर्जाच्या वेबसाइटवर भरले जातात. तेव्हा रुजू झाल्याच्या पहिल्याच महिन्यात कोरा फॉर्म छापा आणि रिकामे रकाने पाहून मिनी-सीईएक्स (रुग्ण तपासताना तुम्हाला पाहून दिलेली नोंद), सीबीडी (केसवरच्या चर्चेची नोंद) ठरवा. फॉर्म त्या-त्या वर्षाचाच लागतो, मागच्या वर्षीचा चालत नाही.

चुरस वाढली आहे हेही धरून चाला. जुलै 2025 मध्ये जाहीर झालेल्या दहा वर्षांच्या आरोग्य आराखड्यात ब्रिटनमध्ये शिकलेल्यांना ट्रेनिंगच्या जागांसाठी प्राधान्य देण्याचं धोरण आहे. एकाच अर्जावर सगळं सोडू नका.

‘मी एमडी आहे, मग थेट रजिस्ट्रार (कन्सल्टंटच्या खालची पायरी)’

एमडी मेडिसिनचं ज्ञान कुठे जात नाही. पण रात्री दोनला मेडिकल रजिस्ट्रार म्हणजे क्रॅश कॉलचा (हृदय बंद पडलेल्या रुग्णासाठीच्या धावपळीचा) लीडर. शिवाय कॅज्युअल्टीचे रेफरल, एसएचओचे (रजिस्ट्रारच्या खालच्या डॉक्टरचे) प्रश्न आणि डीएनएसीपीआरबद्दल (हृदय थांबलं तर सीपीआर न देण्याच्या निर्णयाबद्दल) नातेवाइकांशी बोलणंही त्याच्याकडेच. औषध माहीत असतं. कुठला फोन कुणाला करायचा ते माहीत नसतं. आधी काही महिने एसएचओ पातळीवर काढावेत असं माझं ठाम मत आहे, पगार थोडा कमी पडला तरी.

दुसरं, आपल्याकडे रात्री सरांना उठवायचं नाही हा शिष्टाचार आहे. इथे पेशंट ढासळत असताना कन्सल्टंटना फोन केला नाही, तर चौकशीत पहिला प्रश्न तोच येतो. (‘सर’ही लवकर सुटतं, बहुतेक कन्सल्टंट पहिल्या नावानेच हाक मारायला सांगतात.)

कागदांवरची नावं

नाशिकच्या विद्यापीठाची पदवी माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. एपिकची, म्हणजे जीएमसीसाठी होणारी पदवीची, पडताळणी त्यावरच अडते. विवाह प्रमाणपत्र आणि त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर आधीच तयार ठेवा.

एमटीआयने (परदेशी डॉक्टरांना ठरावीक काळ ट्रेनिंग देणाऱ्या योजनेने) येणाऱ्यांनी 24 महिन्यांची मर्यादा गृहीत धरूनच यावं.

ट्रेनिंग मिळालं नाही तर

वाट संपत नाही. चार वर्षांच्या पदव्युत्तर कामानंतर, त्यातली दोन त्या विषयात असली, तर स्पेशॅलिटी डॉक्टर (ट्रेनिंगबाहेरची कायम स्वरूपाची वरची जागा) होता येतं. 2021 पासून त्यावर स्पेशालिस्ट ही पायरी आहे. जीएमसीच्या स्पेशालिस्ट रजिस्टरसाठी (तज्ज्ञांच्या यादीसाठी) पोर्टफोलिओ पाथवे, म्हणजे कामाचे पुरावे देऊन नाव घालण्याचा मार्ग, आहे, ज्याला नोव्हेंबर 2023 पर्यंत सेसर म्हणत. लोकम (तात्पुरता) कन्सल्टंट होण्यासाठी ते रजिस्टर लागत नाही आणि तिथेच माणसं वर्षानुवर्षं रेंगाळतात, कारण पैसे बरे असतात. कायम कन्सल्टंट व्हायचं तर मात्र रजिस्टरवर नाव हवंच. आणि त्या पाथवेसाठीचा पुरावा जितका जुना, तितका तो हलका पडतो.

लॉगबुक, ऑडिट, टीचिंगचे फीडबॅक यांच्या प्रती रुग्णांची ओळख काढून आणि ट्रस्टच्या नियमात बसवून नोकरी सोडण्याआधीच स्वतःकडे घ्या. तिथला ईमेल बंद झाला की जुन्या सेक्रेटरीला विनवण्या करत बसावं लागतं.