केसांचं रेफरन्स मटेरियल बनवताना: आधी मिलपाशी उभे राहा

रेफरन्स मटेरियल म्हणजे ज्यातलं औषधाचं प्रमाण आधीच नक्की ठरवलेलं असतं असा नमुना; प्रयोगशाळा त्यावर आपली मोजणी तपासून पाहतात. माझी पहिली बॅच एकजिनसीपणाच्या चाचणीत, म्हणजे सगळीकडे प्रमाण सारखं आहे का याच्या तपासणीत, नापास झाली. मेथॅम्फेटामिन हा अमली पदार्थ मोजण्यात चूक नव्हती, केस दळण्यात होती. तुम्ही या कामात नव्याने येत असाल, तर औषध मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरआधी केस दळणारी मिल शिकून घ्या.

केस मुळात चिवट. द्रव नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंश सेल्सिअसला, तो ठिसूळ होतो आणि मग त्याची खरी पूड होते. मी घाईत दोन फेऱ्यांमध्ये मिल पुरती गार होऊ दिली नाही. पूड दिसायला छान होती, पण भिंगाखाली तिच्यात लांब तंतू दिसले. एका वेळी 10 मिलिग्रॅमच घ्यायचे असतील, तर तेवढे तंतूही आकडा हलवतात. त्यात कोरडी पूड स्थिर विजेमुळे चमच्याला नि बाटलीच्या गळ्याला चिकटते. तिथे ती वीज घालवणारा आयोनायझर लागतोच.

केस कुठला घ्यायचा, याबद्दल माझं मत ठाम आहे. स्वच्छ केस द्रावणात भिजवले की प्रमाण हवं तसं ठरवता येतं आणि माल भरपूर मिळतो. पण भिजवून आत गेलेलं औषध सहज बाहेरही येतं. सेवन करणाऱ्याच्या केसात ते रक्तावाटे मुळाशी शिरून केसाबरोबर वाढलेलं असतं, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर, आणि काळ्या केसात मेलॅनिन या रंगद्रव्याला धरून बसतं. म्हणून संमतीने मिळालेले असे केस एकत्र करून वापरावेत, कमी मिळाले तरी.

केसातून औषध द्रावकात काढताना, म्हणजे निष्कर्षणात, नवखे हमखास फसतात. ड्युटेरियमयुक्त इंटर्नल स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठीचं त्याच औषधाचं जड रूप, आपण बाहेरून द्रावकात घालतो. केसात अडकून राहिलेल्या औषधाचा त्याला पत्ताच नसतो, त्यामुळे अर्धवट निष्कर्षणातही निकाल सुबक येतो. मिळणारं प्रमाण वाढायचं थांबेपर्यंत निष्कर्षणाचा वेळ वाढवत न्या, मगच मूल्य ठरवा. केस सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवणं मेथॅम्फेटामिनला चालतं. हेरॉइनची खूण असलेलं सहा-मोनोॲसिटिलमॉर्फिन मात्र त्यात तुटून मॉर्फिन होतं.

प्रमाण निवडताना एक पातळी निर्णयरेषेजवळ, म्हणजे जिच्यावरून निकाल पॉझिटिव्ह ठरतो त्या प्रमाणाजवळ, ठेवा. ॲम्फेटामिन गटासाठी सोसायटी ऑफ हेअर टेस्टिंगची रेषा 0.2 नॅनोग्रॅम प्रति मिलिग्रॅम आहे, आणि प्रयोगशाळांचे निकाल तिथेच डळमळतात. रेफरन्स मटेरियल बनवणाऱ्यांसाठीचं मानक, आयएसओ 17034, सुरुवातीलाच वाचून काढा.

दुसऱ्या बॅचला मी बाटल्यांवर भरल्याच्या क्रमाने आकडे टाकले आणि सुरुवात, मध्य, शेवट अशा सगळीकडून नमुने उचलले. क्रमाप्रमाणे प्रमाण सरकत नाही हे आलेखावर दिसलं, तेव्हाच बाटल्या फ्रीजरमध्ये गेल्या.